पहिली मुलगी

"तुझं कितवं गॅदरिंग?" असं विचारलं की समोरची मुलगी बोर्डिंगात किती वर्षं आहे ते कळायचं. इयत्ता कोणी विचारत नसे. नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात पाचवी ते दहावी माझी सहा गॅदरिंगं झाली. त्यातल्या पाचांत मी स्टेजवर होते आणि सहाव्यात पडद्याची दोरी ओढायला.

नाताळची सुट्टी संपवून आम्ही परत यायचो तेव्हा डोळे अजून सुजलेले असायचे. ट्रंकेत आईने बांधून दिलेला फराळ, कपड्यांना घरच्या चुलीचा वास. पहिल्या रात्री लाइट घालवल्यावर डोर्मिटरीत कुठून तरी हुंदका यायचा, मग दुसऱ्या खाटेवरून, मग तिसऱ्या. बायांनी त्यावर एक उपाय शोधला होता. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तालमी सुरू! रडायला वेळच ठेवायचा नाही. याला मायाही म्हणता येईल आणि युक्तीही. मला वाटतं, दोन्ही होतं.

बाकीचे कार्यक्रम दरवर्षी बदलायचे. कोळीनृत्य, इंग्रजी नाटुकलं, शेला-पागोटे. एक नाटुकलं मात्र ठरलेलं, 'फरारबाई'. ते कोणी लिहिलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका शंभर पानी वहीत ते उतरवलेलं होतं आणि समासात वेगवेगळ्या अक्षरांत सुधारणा होत्या. दरवर्षी कोणीतरी एखादं वाक्य वाढवायचं, काढत कोणीच नसे. माझ्या दहावीपर्यंत ते पस्तीस मिनिटांचं झालं होतं आणि फरारबाईंना भाषणंच भाषणं.

फरारबाई म्हणजे सिंथिया फरार. अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत १८१३ साली आली, मुलींसाठी शाळा त्यांनी १८२४ मध्ये काढली आणि १८२७ मध्ये या बाई बोटीने मुंबईला उतरल्या, लग्न न झालेल्या, एकट्या, मुलींच्या शाळा बघायला. मिशनचं ठाणं नगरला १८३१ पासून होतंच. १८३९ मध्ये त्या इथे आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. आमच्या नाटुकल्यात बोट म्हणजे दोन बाकं आणि त्यांवर पांढरी चादर. बाईंचा झगा म्हणजे मेट्रनबाईंच्या नाताळच्या साडीला टाके घालून केलेला घोळ. टाके दुसऱ्या दिवशी सकाळच्या आत उसवून साडी परत करायची, हे त्या भूमिकेचंच काम. केसांना गव्हाचं पीठ. एका वर्षी फरारबाईंना भाषणात ठसका लागला आणि डोक्यावरचं पीठ उडून पुढच्या रांगेतल्या पाळकसाहेबांच्या काळ्या कोटावर बसलं. ते उठले नाहीत. तसेच पांढरे होऊन टाळ्या वाजवत राहिले.

सगळ्यांना हवी असायची ती भूमिका मात्र फरारबाईंची नव्हे, आत्याबाईची. दुसऱ्या प्रवेशात फरारबाई दारोदार फिरतात आणि प्रत्येक दार धाडकन लागतं. एका दारात आत्याबाई उभी, कमरेवर हात. "शिकलेल्या पोरीचा नवरा जगत नाही म्हणतात, बाई! तुमचा कुठाय?" यावर हशा ठरलेला. आज विचार केला की त्या हशाचं नवल वाटतं. त्या समजापायी किती मुलींची पाटी फुटली, आणि आम्ही तोच समज टाळ्यांसाठी घोकत होतो.

मला पाचवीत मिळाली 'पहिली मुलगी'. ही भूमिका बोर्डिंगातल्या सगळ्यांत लहानखुऱ्या मुलीला मिळायची. तिला वाक्य नव्हतं. नावही नव्हतं. बाईंनी सांगितलं, "तू फक्त पाटीवर बघायचं. मान वर करायची नाही." मी म्हटलं, "पण बाई, ती काय म्हणाली?" बाई थांबल्या. "ते कुणी लिहून ठेवलेलं नाही गं." फरारबाई कुठून आल्या, कधी आल्या, सगळं वहीत होतं. त्यांच्यासमोर पहिल्यांदा मांडी घालून बसलेली मुलगी कोणाची, हे नव्हतं. मी पूर्ण प्रवेशभर पाटीवर काड्या ओढत बसले. उन्हाळ्याच्या सुट्टीला किती दिवस उरले ते मोजत होते. लोकांना वाटलं, मुलगी अभ्यासात गुंग झाली.

चौथा प्रवेश जोतिरावांचा. यावरून दरवर्षी वाद. इतिहासाच्या बाई म्हणायच्या, जोतिराव नगरला येऊन फरारबाईंची शाळा बघून गेले आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी शाळा काढली. म्हणजे तेव्हा ते एकवीस वर्षांचे. फरारबाई मुंबईत उतरल्या त्याच वर्षी यांचा जन्म! दाढी कशी लावता? पण दाढी नसेल तर फोटोतले जोतिराव ओळखू कसे यायचे? शेवटी दाढीच जिंकायची. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले, म्हणून त्यांचाही प्रवेश होता. एवढ्या वेळात फरारबाईंना कोणी बोलू देत नसे, हे मला आवडायचं.

मग दुष्काळ. शाळेची 'बोर्डिंग' कशी झाली ते या प्रवेशात होतं. नुसत्या दिवसाच्या शाळेत मुली टिकत नव्हत्या. सुगी आली की मुलगी शेतात, धाकटं भावंड झालं की मुलगी घरात, आणि जरा अंग भरलं की लग्न. वडाळा, राहुरी अशा बाजूच्या खेड्यांत विखुरलेल्या ख्रिस्ती घरांतल्या मुलींना पुढे शिकायचं तर नगरला राहूनच शिकावं लागे. त्यात १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. आईबाप गेलेली पोरं मिशनांनी आत घेतली आणि ठिकठिकाणची बोर्डिंगं भरून गेली. स्टेजवर आम्ही तोंडाला राख फासून निजायचो.

गॅदरिंगच्या दिवशी आयाबाया एसटीने माळीवाड्याला उतरून, पोरंबाळं, गाठोडी घेऊन चालत आलेल्या असायच्या आणि रात्री वर्गांत सतरंज्या टाकून झोपायच्या. दुष्काळाच्या प्रवेशाला त्या एकदम गप्प व्हायच्या. कुणाची आजी, कुणाची पणजी तशीच आणलेली. सातवीत असताना मी स्टेजच्या कडेला मरून पडले होते. पहिल्या रांगेतली एक आजी उठली, पिशवीतून फडकं सोडलं आणि चतकोर भाकरी माझ्या हातात ठेवली. बाजरीची, वर लसणीची चटणी. दुपारपासून पोटात काही नव्हतं. मी मेल्या मेल्या ती खाल्ली. लोक हसले, आजी मात्र हसली नाही. मी शेवटचा घास गिळेपर्यंत ती तिथेच उभी होती.

काही गोष्टी नाटुकल्यात कधीच आल्या नाहीत. १८५४ नंतर खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागलं, अमेरिकेतल्या मंडळ्यांतून, म्हणजे तिथल्या चर्चमधून, वर्गण्या यायच्या, त्यांचे हिशेब ठेवायला लागायचे. अनुदानाचा प्रवेश कोण बघणार? तसंच १९७० चं. त्या वर्षी सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आमचीही मंडळी गेली. आम्हाला त्यातलं एवढंच कळायचं की पाहुणे म्हणून आता गोरे साहेब येत नाहीत, आपले बिशपसाहेब येतात आणि त्यांचं भाषण मराठीत असल्यामुळे झोपता येत नाही.

गॅदरिंगच्या रात्रीचं जेवण मटण आणि गोड भात. एरवी आमटीत डाळ शोधणाऱ्या आम्ही त्या रात्री हात धुवायलाही उठायचो नाही. सकाळी पालक निघाले की पुन्हा ट्रंकांवर बसून रडारड.

दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थिनींना गॅदरिंगला बोलावलं. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय. आत्याबाई झालेली माझी मैत्रीण गुडघ्याला पट्टा बांधून आली होती आणि चहाच्या वेळी तिने ते वाक्य कमरेवर हात ठेवून म्हणून दाखवलं. नाटुकलं अजून होतं. वही गेली, आता छापील कागद. जोतिरावांना अजून दाढी. तिसऱ्या प्रवेशात एक चिमुरडी मांडी घालून बसली, मान खाली, पाटीवर पेन्सिल चालूच.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला स्टेजमागे गाठलं. विचारलं, काय लिहीत होतीस?

तिने पाटी छातीशी धरली. "बाईंना सांगणार नाही ना?"

नाही म्हटलं.

तिने पाटी फिरवली. मांजर काढलं होतं. एक कान मोठा, एक लहान.

"आमच्या घरचं आहे," ती म्हणाली. "त्याचा कान तसाच आहे."