मुरमाची हौस

मराठवाड्यात रस्त्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस सापडणं अवघड, आणि मुरमाच्या रस्त्याबद्दल तर नाहीच नाही. निवडणुकीच्या तोंडावर टाकतात, पावसाळ्यात वाहून जातो, उन्हाळ्यात धूळ होऊन घरात येतो, एवढाच त्याचा लौकिक. आणि मी मात्र सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून असलेच रस्ते हुडकत फिरतो, नकाशावर जिथं डांबर संपतं तिथून माझी खरी सायकल सुरू होते. ग्रॅव्हल बाईकचं, म्हणजे खडी-मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर चालवायच्या सायकलीचं खूळ एकदा डोक्यात शिरलं की असंच होतं.

ही सायकल लांबून बघितली तर रेसच्या सायकलीसारखीच दिसते, तेच खाली वळलेलं हँडल, फक्त टोकं जरा बाहेर फाकलेली, म्हणजे उतारावर खडखडाट सुरू झाला की हात रुंद ठेवून धरून बसता येतं. टायर मात्र चांगले जाड. रोडबाईकचा टायर 25-28 मिलिमीटरचा असतो, हा 40-45 चा. हवा पण कमी भरायची, 35-40 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) माझं भागतं. नवीन पोरं हौसेनं टणाटण हवा भरून येतात आणि मग दहा किलोमीटरवर मनगटं चोळत बसतात, कारण टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि मऊ टायर खडा पोटात घेऊन पुढं जातो. आत ट्यूब नाही, पांढरं सीलंट असतं, काटा घुसला की फुस्स करतं आणि चाक दोन-चार चकरा फिरेपर्यंत बंद पण होतं. बोरी, बाभळी आणि बांधाबांधावर माजलेली ती वेडी बाभळ, असल्या मुलखात ट्यूब घालून फिरायचं म्हणजे दिवसभर पंक्चर काढत बसायची तयारी पाहिजे.

या खेळाचं मोठं तीर्थक्षेत्र अमेरिकेत आहे, कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात. 2006 ला तिथं 200 मैलांची शर्यत सुरू झाली, म्हणजे एका दिवसात 320 किलोमीटरच्या वर, सगळं कच्च्या रस्त्यावरून. तिथल्या टेकड्यांत चकमकीचा दगड, तो टायरच्या कडा ब्लेडनं कापल्यासारख्या कापतो म्हणे, तरी जगभरातून लोक फी भरून तिथं जातात. 2022 ला तर इटलीत याची वर्ल्ड चॅम्पियनशिप पण सुरू झाली. म्हटलं बरंय, लोक विमानाची तिकिटं काढून जे शोधत फिरतात ते आपल्याकडं पाटोदा सोडलं की हवं तेवढं पडलंय.

पाटोदा म्हणजे बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या माथ्यावरचं. या माळावर पडलेल्या पावसाचं काही सांगता येत नाही, कुठला थेंब कुठं जाईल. मांजरा इथंच गवळवाडीजवळ उगवते आणि दक्षिणेकडं-पूर्वेकडं करत लातूर, बिदर, तेलंगणा असा 724 किलोमीटरचा फेरा मारून कंदकुर्तीला गोदावरीत पडते. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती ना, त्या लातूरची तहान हिच्याच धरणावर. सिंदफणा पण याच तालुक्यातली, पण ती उत्तरेला वळते, माजलगावचं धरण भरते आणि मंजरथला गोदावरी गाठते. आणि तिसरी विंचरणा, ती सौताड्याला रामेश्वराच्या दरीत धाडकन उडी घेते, जामखेडवरून सीनेत, सीना भीमेत, भीमा कृष्णेत. म्हणजे एकाच तालुक्यातलं पाणी थोडं गोदावरीला आणि थोडं कृष्णेला. गाडीतून जाताना हे कळायचं काही कारणच नाही, एसी लावून बसलं की सगळा माळ सारखाच दिसतो. सायकलवर मात्र एक खोरं सोडून दुसऱ्यात जायचं म्हणजे मधला चढ पायांनी चढावा लागतो, खालच्या गिअरला टाकून, जीभ बाहेर काढून, आणि वर आलं की पुढचा उतार दुसऱ्या नदीचा असतो. पाणलोट क्षेत्र हा शब्द शाळेत पाठ केला होता, समजला तो मांड्या भरून आल्यावर.

रस्त्याचं पण तसंच. खडी, मुरूम आणि काळी माती हे तिन्ही खरं तर एकाच काळ्या दगडाचे, बेसॉल्टचे. क्रशरवर फोडला की खडी, जागच्या जागी ऊन-पाणी खाऊन झिजला की मुरूम, आणि त्याहून खूप झिजून सखल भागात साचला की काळी. माथ्यावर मुरमाड, नदीकाठी काळी, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, पण मला ते टायरनं शिकवलं. मुरमावर पाणी ठरत नाही, पाऊस उघडून तासभर झाला तरी मजेत जाता येतं. काळी ओली असली की विषय संपला. ती फुगते, चिकटते, चाकाला थर चढत चढत जातो आणि मग फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घेऊन चालायचं, चपलेला पण तेवढाच गोळा. म्हणून जून ते सप्टेंबर मी खोऱ्यात उतरतच नाही, माथ्यामाथ्यानंच फिरतो.

खरा सीझन दसऱ्यानंतर. रान अजून हिरवं असतं, ओढ्याला पाणी असतं, आणि उतारावरच्या झुडपांत सीताफळं. बीडच्या सीताफळाला आता जीआय मानांकन पण आहे. बालाघाटाचं जंगल काही दाट बिट नाही, धावडा, पळस, सीताफळ, मध्ये मध्ये नुसतंच गवत, कोकणातल्या माणसाला दाखवलं तर तो याला जंगल म्हणणार पण नाही. पण नायगावला 1994 पासून मोरांचं अभयारण्य आहे, आणि सायकलला आवाज नसल्यामुळे आपण पार जवळ जाईपर्यंत मोर उडत नाही. तिथं मात्र वनरक्षकाला विचारूनच जावं आणि गाडीवाट सोडू नये, आपल्या हौसेपायी त्यांना कशाला ताप.

याच दिवसांत ऊसतोडीला जाणारे ट्रॅक्टर भेटतात. ट्रॉलीत अख्खा संसार, भांडी, कोंबड्या, पोरं, वर बांधलेली बाज. मी मजेसाठी चाललेलो असतो आणि ते सहा महिन्यांसाठी. अशाच एका फाट्यावर म्हातारे मामा बसले होते, मी डांबरी सोडून आत वळतोय बघून म्हणाले, "भाऊ, चांगला रस्ता सोडून मुरमात कामून शिरायलात?" मी म्हटलं मामा, इकडून मजा येते. ते हसले नाहीत. म्हणाले, "पावसाळ्यात या. सुनेला बाळंतपणाला बाजेवर घालून फाट्यावर आणलं होतं."

त्यावर काय बोलणार. माझ्या छंदाला जो रस्ता लागतो तो त्या वस्तीला नकोय, आणि त्यांचंच बरोबर आहे. मागच्या वर्षी माझी एक आवडती वाट डांबरी झाली, एक सुंदर पाणंद होती, दोन्ही बाजूला हिवर आणि मध्ये गवताची रेघ. ग्रुपवर पोरं हळहळली, कुणीतरी रडका इमोजी पण टाकला, मला तेवढं जमलं नाही. त्या रस्त्यानं आता दूध वेळेवर जातं, शाळेची गाडी आत येते. पाणंदीच्या फोटोला लाईक करणाऱ्यातलं कुणी तिथं राहत नाही.

मी आता वेगळा हिशोब बसवलाय. पाटोद्याच्या माळावर पवनचक्क्या आहेत, भरपूर, आणि प्रत्येकीपर्यंत मुरमाचा रुंद रस्ता, कारण ती एवढाली पाती ट्रेलरवरून वर न्यायला लागतात. चढ बेताचा, वळणं मोठी, खाली दबलेला मुरूम आणि वर सैल खडे, एम्पोरियावाले बघतील तर जळतील. त्या रस्त्याच्या शेवटी वस्ती नाही, फक्त खांब आणि कधीमधी एखादा वॉचमन, तो पण गप्पांना आसुसलेला असतो आणि सायकल केवढ्याला पडली हे विचारल्याशिवाय सोडत नाही. आकडा खरा सांगायचा नसतो, निम्मा सांगितला तरी तो म्हणतो एवढ्यात जुनी बुलेट आली असती की. मग वारा पाठीवर घेऊन मांजरसुंब्याला उतरायचं आणि रबडी खायची, सकाळपासून जाळलेल्या सगळ्या कॅलरी तिथं एका वाटीत परत मिळतात.