वऱ्हाडच्या इतिहासाचं गाइड: लिंक एकाच पानावर ठेवा

तालुक्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात लिबगाइड्ससारखी, गाइड बनवायची विकतची प्रणाली सहसा नसते. गुगल साइट्स किंवा वर्डप्रेस असतं आणि विषयवार गाइड, म्हणजे एखाद्या विषयाची साधनं कुठे आणि कशी शोधायची ते सांगणारं वेब पान, करायला ते पुरेसं आहे. फरक कळतो तो देखभालीत. लिबगाइड्समध्ये शोधगंगेची, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या साइटची, लिंक एकदा दुरुस्त केली की ती वापरलेल्या सगळ्या गाइडमध्ये आपोआप बदलते. गुगल साइट्समध्ये तसं होत नाही. आठ गाइड असतील तर आठ ठिकाणी हात घालावा लागतो, आणि एखाद्या ठिकाणी हमखास राहून जातं.

यावर सोपा इलाज म्हणजे ‘सगळे डेटाबेस’ नावाचं एकच पान. शोधगंगा, एन-लिस्ट (कॉलेजांसाठी ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं), नॅशनल डिजिटल लायब्ररी, कृषिकोश (शेतीविषयक प्रबंध आणि प्रकाशनं), मराठी विश्वकोश अशा प्रत्येकाला एक मथळा द्या. खाली दोन ओळी लिहा: यात काय मिळतं आणि लॉगिन लागतं का. एन-लिस्टला लागतं, आणि ते कॉलेजकडूनच मिळतं. त्यामुळे ते कोणाकडे मागायचं हेही तिथेच लिहा. बाकीच्या गाइडमधून मूळ साइटवर न पाठवता या पानावरच्या मथळ्यावर पाठवा. विद्यार्थ्याला एक क्लिक जास्त लागतं खरं, पण सरकारी साइटचा पत्ता बदलला की तुम्हाला एकच जागा दुरुस्त करावी लागते. वर्डप्रेसमध्ये ‘सिंक्ड पॅटर्न’, म्हणजे एकदा बदलला की सगळीकडे बदलणारा मजकुराचा तुकडा, हेच काम करतो.

सगळ्या गाइडमध्ये मथळे तेच आणि त्याच क्रमाने हवेत: सुरुवात कुठून, शोधायचे शब्द, आपल्या कपाटातली पुस्तकं, लेख आणि प्रबंध, संदर्भ कसा द्यायचा. एका गाइडमध्ये ‘प्रबंध’ आणि दुसऱ्यात ‘थिसिस’ असं नको.

यातला ‘शोधायचे शब्द’ हा भाग सगळ्यात मोलाचा, आणि तोच बहुतेक गाइडमध्ये नसतो. वऱ्हाडच्या इतिहासाचंच घ्या. जुने इंग्रजी कागद वऱ्हाडला ‘बेरार’ म्हणतात. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. तेव्हापासून १९०३ पर्यंतचे अहवाल ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने आणि पुढचे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ या नावाने शोधावे लागतात. यवतमाळ जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत ‘वून’, म्हणजे आपली वणी, असं होतं. एकोणिसाव्या शतकातला अहवाल शोधताना ‘यवतमाळ’ टाकणारा पोरगा रिकाम्या हाती परत येतो आणि ‘काहीच नाही’ असं समजतो. अमरावती आणि यवतमाळ या नावांची रोमन स्पेलिंगंही जुन्या कागदांत आजच्यापेक्षा वेगळी आहेत. ही सगळी रूपं रोमन लिपीत, कॉपी करता येतील अशी, एकाखाली एक द्या.

मराठीतली गोम वेगळीच. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब (नुक्ता) असलेला ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. पुस्तकांची यादी गुगल शीटमध्ये ठेवून फिल्टर लावला की निम्मी पुस्तकं गायब होतात. ‘ॲ’चंही तेच. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा हे आधीच ठरवून घ्या. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय चिकटवू नका. नाहीतर पानावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तीच वाचतो.

डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्यासाठी आणखी एक गोष्ट: व्हॉट्सॲपवर फिरवतो तसला पोस्टर गाइड म्हणून लावू नका. चित्रातली अक्षरं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. मथळा नुसता ठळक न करता ‘हेडिंग’ म्हणून निवडा, कारण स्क्रीन रीडर वापरणारा मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत पान वाचतो. लिंकवर ‘येथे क्लिक करा’ लिहिण्याऐवजी ‘शोधगंगा: मराठी प्रबंध’ असं लिहा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, पांढऱ्यावर केशरी अक्षरं त्याच्या निम्म्यालाही जेमतेम पोचतात. पीडीएफच्या लिंकपुढे ती किती एमबीची आहे ते लिहा. गावाकडच्या नेटवर्कवर, रोजच्या डेटातून, मोठी स्कॅन फाइल उतरवायची की नाही हे पोरांना आधी ठरवता आलं पाहिजे. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतात. आधी संदर्भसूचीची फाइल उघडायला सांगा. ती लहान असते आणि पुढची वाट दाखवते.

एका गाइडमध्ये पंचवीसपेक्षा जास्त लिंक नकोत. जूनमध्ये, सत्र सुरू होण्याआधी, आणि दिवाळीनंतर प्रत्येक लिंक हाताने उघडून पाहा, आणि तपासल्याची तारीख वरती टाका. लिंक तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. संथ सरकारी सर्व्हरला ते मेलेलं ठरवतं, आणि हलवलेल्या लेखाच्या जागी साइटचं मुखपृष्ठ उघडत असेल तर ‘ठीक’ म्हणतं.