धुराचा गुरुवार

अथेन्समधल्या आमच्या इमारतीत आज प्रत्येक बाल्कनीत कोळसे पेटलेत. आज त्सिक्नोपेम्प्ती. 'त्सिक्ना' म्हणजे भाजल्या मांसाचा खरपूस वास, 'पेम्प्ती' म्हणजे गुरुवार. ईस्टरच्या मोठ्या उपासाला अजून अकरा दिवस आहेत, तोवर खाऊन घ्यायचं.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यातच मला कोडं घातलं: "उंच उंच संन्यासी, अंगात हाड नाही. ओळख!" मी ढग म्हटलं, सावली म्हटलं. त्यांनी शेगडीकडे बोट दाखवलं. धूर! माझ्या आजीचे उखाणे आठवले आणि घसा दाटून आला.

मला सगळ्यात आवडतो तो खास्का. उपासाच्या आदल्या रविवारी रात्री घरातलं वडीलधारं माणूस लाटण्याच्या टोकाला दोऱ्यानं उकडलेलं अंडं बांधतं आणि गोल बसलेल्यांच्या तोंडासमोर झुलवतं. हात पाठीमागे. अंडं फक्त तोंडानंच पकडायचं! गेल्या वर्षी आजींच्या सहा वर्षांच्या नातीनं पकडलं. आम्ही मोठे नुसते आ वासून बसलो होतो. अंड्यानं तोंड बंद करायचं आणि ईस्टरच्या लाल अंड्यानं उघडायचं, असं आजी सांगतात.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ सोमवार. तीळ लावलेली लागाना नावाची चपटी पोळी, टेकडीवर पतंग. तीळ आणि पतंग, दोन्ही एकाच दिवशी! यंदा नाशिकहून मांजा नाही, पण चक्री आणलीय.