५५५चा दोनसुरी अलार्म: १० के की १२ के?

टाकीच्या अलार्मचं काम पुढे सरकलं. एकसुरी ‘टीं’ आधीपासून वाजत होती, पण आमच्या इमारतीत इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, रिव्हर्स घेणारी गाडी सगळी त्याच सुरात ओरडतात. टाकी भरलीय हे कान टवकारल्याशिवाय कळायला हवं असेल, तर आलटून पालटून दोन सूर हवेत.

जोडणी नेहमीचीच: दोन एनई५५५ (टायमर आयसी, थोडक्यात ५५५), ९ व्होल्ट. पहिली आयसी सेकंदाला साधारण एक फेरा मारते, दुसरी आवाज काढते. रेझिस्टर दोन्हीकडे तेच, १० के आणि ६८ के (के म्हणजे किलोओहम). कपॅसिटर मात्र पहिलीला १० मायक्रोफॅरड, दुसरीला ०.०१. पहिलीच्या पिन ३ वरून, म्हणजे आउटपुटवरून, एक रेझिस्टर दुसरीच्या पिन ५ ला, म्हणजे कंट्रोलला. झालं.

सगळी गंमत या शेवटच्या रेझिस्टरात आहे. ५५५च्या पोटात ५ केचे तीन रेझिस्टर एका ओळीत असतात आणि पिन ५ वर सप्लायचे दोन तृतीयांश, म्हणजे इथे ६ व्होल्ट येतात. कपॅसिटर तिथवर चढतो, त्याच्या निम्म्यावर उतरतो, पुन्हा चढतो. पहिलीचं आउटपुट हाय झालं की ही पातळी वर सरकते, चढण लांबते आणि सूर खाली येतो. लो झालं की उलट. म्हणून पहिलीच्या पिन ३ वर लावलेला एलईडी खालच्या सुरावर पेटतो. बघणाऱ्याला हमखास उलटं वाटतं. शिवाय एनई५५५चं हाय आउटपुट सप्लायपेक्षा दीडेक व्होल्ट कमीच असतं, त्यामुळे वर ढकलणं थोडं आणि खाली ओढणं जास्त.

बहुतेक सर्किटांत इथे १० के दिसतो. त्याने हिशेबाप्रमाणे ९१७ आणि १२७० हर्ट्झ येतात, गुणोत्तर १.३८. शुद्ध मध्यम १.३३ वर, तीव्र १.४१च्या आसपास, हा मधेच लोंबकळतो. पेटी ऐकत वाढलेल्या कानाला ते सहन होत नाही. १२ के लावला की ९२६ आणि १२३३, म्हणजे जवळजवळ अचूक सा–म. फ्रान्सच्या पोलिसांच्या भोंग्यातही ४३५ आणि ५८० हर्ट्झ, हेच ४:३. आतले रेझिस्टर आयसीगणिक थोडे इकडेतिकडे असतात, तेव्हा १० केच्या जोडीला ५ केचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) ठेवून कानाने लावावं हे उत्तम.

बाजारात ५५५ मागताना ७५५५ किंवा दुसरी सीमॉस (कमी वीज खाणारी, वेगळ्या बांधणीची ५५५) हाती पडली तर हे आकडे विसरा. तिच्या आतले रेझिस्टर कितीतरी मोठे असतात, आउटपुटही पार सप्लायपर्यंत जातं. १२ केने पिन ५ एकदा ९ व्होल्टच्या बरीच जवळ जाते, एकदा जवळपास शून्यावर येते, आणि दोन सुरांतलं अंतर कितीतरी वाढतं. बझरही साधा पिझो (दिलेला सूर तसाच वाजवणारी चकती) हवा. ज्याच्या आत स्वतःचा ऑसिलेटर असतो तो आपलाच एक सूर धरून बसतो.

दुसरीच्या पिन ५ वरून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड टाकला की सूर उडी न मारता घसरत जातात. ऐकायला झकास, पण घरात ॲम्ब्युलन्स नको म्हणून काढला. आता उरलंय पाण्यातलं काम: तांब्याच्या तारांवर डीसीमुळे हिरवा थर चढतो, म्हणून स्टीलचे स्क्रू वापरणार. दुसरीची पिन ४ (रीसेट) ट्रान्झिस्टरवरून चालू-बंद करायची, म्हणजे पाणी टेकेपर्यंत दुसरी गप्प राहील.