तिकिटावर भाडं छापलं आणि अल्बम अडकला

एस.टी.च्या एका प्रवासावरचा माझा अल्बम. नऊ गाणी, प्रत्येक गाणं म्हणजे एक थांबा. डबल बेलवर सुरू होतो, सिंगल बेलवर थांबतो. लिहिणं, रेकॉर्डिंग, मिक्सिंग सगळं सुरळीत झालं. अडलं ते कव्हरवर. तिथे एकोणीस दिवस गेले आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

कव्हर जुन्या कागदी तिकिटासारखं केलं होतं: गुलाबी कागद, पंचचं भोक, अनुक्रमांक आणि ‘भाडे रु. ४’. ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी, जेपीजी. मापात खोट नव्हती. तरी डिस्ट्रिब्यूटरने, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या अॅपवर चढवणाऱ्या कंपनीने, परत पाठवलं. कारण एका ओळीचं, कव्हर नियमात बसत नाही. कुठला नियम, ते विचारलं तर पुन्हा तीच ओळ. मी रंग बदलून पाठवलं, पाच दिवसांनी परत. अक्षरं मोठी केली, परत.

शेवटी नियमावली ओळ न् ओळ वाचली. कव्हरवर किंमत चालत नाही. वेबसाइटचा पत्ता, फोन नंबर, सोशल मीडियाचं नाव, ‘सीडी’ किंवा ‘कॅसेट’ असे शब्दही नाहीत. गंमत म्हणून काढलेलं भाडं त्यांनी विक्रीची किंमत धरलं होतं. एवढं एक वाक्य कोणी लिहिलं असतं तर दोन आठवडे वाचले असते!

भाडं काढलं, तर नवीन खोट निघाली. कव्हरवर अल्बमचं नाव देवनागरीत, डिस्ट्रिब्यूटरच्या फॉर्ममध्ये रोमनमध्ये. दोन्हीकडे एकच हवं. फॉर्ममध्ये भाषा ‘मराठी’ निवडा आणि नाव देवनागरीतच भरा. दर वेळी दुरुस्ती केली की रांगेत शेवटी जावं लागतं, म्हणून सगळं एकदमच तपासून पाठवा. एस.टी.चं बोधचिन्ह वापरू नका, बस स्वतः काढा.

दोन गाण्यांच्या मधे बारा-बारा सेकंदांचे घंटीचे वेगळे ट्रॅक ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय प्ले मोजला जात नाही. घंटी आणि थांब्याची हाक पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला जोडा. शेवटी जोडली तर शफलमध्ये (गाणी क्रम मोडून वाजतात तेव्हा) थांबा एक आणि गाणं भलतंच असं होतं.

इंजिनाची घरघर नऊही गाण्यांत अखंड हवी असेल तर अख्खा अल्बम एकाच सेशनमध्ये मास्टर करा (म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात फिरवा) आणि मग फेड न देता, आवाज हळूहळू न उतरवता, तुकडे पाडा. फाइल वॅवच द्या. एमपीथ्री करताना सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता शिरते आणि बस दर थांब्यावर बंद पडल्यासारखी वाटते.

हे आधी सांगायला हवं होतं: प्रकाशनाची तारीख किमान चार आठवडे पुढची घ्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी, आणि अल्बममधलं एकच. माझी ती मुदत कव्हरच्या फेऱ्यांत हुकली. अल्बम काढून पुन्हा चढवायची वेळ आलीच तर प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) जुनाच भरा, नाहीतर प्लेचे आकडे शून्यापासून सुरू होतात.

भाड्याच्या जागी आता पंचची चार भोकं आहेत.