रविवर्मांची व्यक्तिचित्रे

राजा रविवर्मा म्हटले की आपल्याकडे अजूनही देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच डोळ्यांसमोर येतात. पण या चित्रकाराची खरी ताकद त्यांच्या व्यक्तिचित्रांत आहे, असे माझे ठाम मत आहे.

केरळातील किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेल्या रविवर्मांना चित्रकलेचे पहिले धडे मामांनी दिले. चौदाव्या वर्षी ते त्रावणकोर दरबारच्या आश्रयाला आले, मात्र तिथले चित्रकार रामस्वामी नायकर यांनी त्यांना तैलरंग शिकवण्यास नकार दिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८६८ मध्ये महाराजांचे चित्र रंगवण्यासाठी आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने आपले काम पाहू दिले, पण शिकवले नाहीच. तैलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे ओल्यातच एक छटा दुसरीत मिसळता येते, हे दुसऱ्याचा हात पाहून कळते; ती छटा गालावर नेमकी कुठे थांबवायची, हे मात्र स्वतः रंगवल्याशिवाय उमगत नाही, आणि हा अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षे एकट्याने केला. १८७३ मध्ये केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि संस्थानिकांची निमंत्रणे येऊ लागली. १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना बडोद्यास बोलावले.

राजेरजवाड्यांच्या चित्रांत जरीचे काठ, मोती आणि मखमल यांचा पोत ते इतक्या निगुतीने रंगवतात की नजर तिथेच रेंगाळते. माझे सर्वांत आवडते चित्र मात्र घरगुती आहे. १८९३ च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलीचे, महाप्रभेचे, चित्र काढले. साधे पांढरे वस्त्र, कडेवर मूल आणि शेजारी कुत्रा. घरी येणाऱ्या वडिलांकडे ती मुलाचे लक्ष वेधते आहे आणि ते वडील चित्रात कुठेच नाहीत. दागदागिन्यांचा आधार न घेता, केवळ मान वळवण्याच्या ढबीतून माणूस उभा करण्याचे हे कसब मला त्यांच्या पौराणिक चित्रांतल्या नाट्यापेक्षा मोलाचे वाटते.

१८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्यांची चित्रे घरोघरी पोहोचली. पण त्वचेखालून उमटणारी उष्ण छटा त्या छपाईत उतरत नाही. तसबिरींवरून ज्यांनी त्यांना ‘कॅलेंडरवाले’ ठरवले आहे, त्यांनी बडोद्याच्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात जाऊन मूळ चित्रे जवळून पाहावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.