आजी "सहा आहेत" म्हणायची

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. खरं तर तुम्हीच असं नाही, गल्लीतल्या काकू विचारतात, शाळेत होते तेव्हा स्टाफरूममध्ये विचारायचे, महापुरानंतर तर येईल तो विचारायचा. काकूंच्या शब्दांत सांगायचं तर, "अवो ताई, तुमच्या देवाला सुरवात न्हाई, शेवट न्हाई, तो कधी बदलत न्हाई म्हणताय, मग आपल्या ह्या चार दिसाच्या जगण्याचं त्याला काय वो?" प्रश्न चांगला आहे. मी पण देवाला हा प्रश्न विचारलाय, आणि तो नम्रपणे विचारला नव्हता.

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ, तळमजला. कोल्हापुरात पावसाळ्यात सकाळी उठल्यावर चहाच्या आधी काय विचारतात तुम्हाला माहितीच आहे, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटावर आलं आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आम्ही दोन पिशव्या आणि औषधं घेऊन राजारामपुरीत बहिणीकडे गेलो, वाटलं दोन दिवसांत येऊ परत, तर हायवे पण बंद पडला, दुधाला लाईन, पेट्रोल मिळेना, आणि घरी पोचलो तेव्हा भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर पाण्याची रेघ होती.

फ्रीज गेला, गाद्या गेल्या, ते सगळ्यांचंच गेलं. माझा जीव अडकला होता तो कपाटाच्या खालच्या खणातल्या बायबलमध्ये, आजोबांचं जुनं पवित्र शास्त्र. त्याच्या सुरुवातीला चारपाच कोरी पानं होती आणि त्यावर आमच्या घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहिलेले, आधी आजोबांच्या हातचं, मग बाबांचं, मग माझं. कोल्हापुरात अमेरिकन मिशन 1852 मध्ये आलं, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या घराण्यातल्या पहिल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला, तिथपासूनची नावं आजोबांनी विचारून विचारून उतरवली होती.

पानं पापडासारखी एकमेकांना चिकटलेली. मी वर्तमानपत्रं घातली, पावडर टाकली, दोन दिवस पंख्याखाली ठेवून एकेक पान सोडवलं. छापलेलं सगळं शाबूत होतं, अगदी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, डाग पडलेलं पण वाचता येईल असं. छापखान्याची शाई तेलकट असते ना, ती पाण्याला जुमानत नाही. पण हाताने लिहिलेली निळी शाई पूर्ण विरघळलेली, पानावर नुसते ढग. देवाचा शब्द राहिला आणि आमची नावं गेली. मी तशीच ओल्या फरशीवर बसले आणि म्हटलं, बरोबर आहे, तुझं तुला राहिलं, तू कायमचा आहेस, आमचं काय.

बाकीची नावं परत मिळवता येतील असं नंतर लक्षात आलं, काही चर्चच्या रजिस्टरमध्ये, काही मिरजेच्या आत्याच्या डोक्यात. पण एक ओळ कुठेच नव्हती. 1938 सालची, आजोबांच्या अक्षरात, "मुलगी. 11 दिवस." एवढंच. बाप्तिस्म्याच्या आधीच गेली म्हणून रजिस्टरात नाही, नाव पण ठेवलेलं नव्हतं. तिला बघितलेलं आता कुणीही जिवंत नाही.

आजीला कुणीही विचारलं की किती मुलं, तर ती म्हणायची, "सहा आहेत." आम्ही पोरं मोजायचो, बाबा धरून पाचच व्हायचे. "आजी, सहा होती म्हण की," असं मी एकदा म्हटलेलं आठवतंय, सातवी-आठवीत असेन, व्याकरण नुकतंच डोक्यात शिरलेलं. आजी तांदूळ निवडत होती, तिने सुपातनं वर पण बघितलं नाही. "होती नव्हं, आहेत," म्हणाली आणि खडे वेचत राहिली.

मला वाटायचं म्हातारीची माया आहे. पुरानंतर कधीतरी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 22 वा अध्याय वाचत होते, लहानपणापासून शब्बाथ शाळेत ऐकलेला, आणि तिथे थांबले. सदूकी म्हणजे यहुद्यांमधल्या एका पंथाचे लोक येशूकडे येतात, मेलेले उठतात वगैरे त्यांना मान्य नसतं, त्याला अडकवायला सात भावांची गोष्ट सांगतात. येशू उत्तर काय देतो बघा. जळत्या झुडपातून देव मोशेशी बोलला तेव्हा तो म्हणाला, मी अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव आहे. आता हे तिघे यहुद्यांचे पूर्वज, मोशेच्या वेळी अब्राहामाला जाऊन शेकडो वर्षं झालेली. तरी देव "होतो" म्हणत नाही, "आहे" म्हणतो. आणि येशू म्हणतो, तो मेलेल्यांचा नव्हे तर जिवंतांचा देव आहे. लूकने आपल्या शुभवर्तमानात त्यात अजून एक वाक्य दिलंय, त्याला, म्हणजे देवाला, सर्वच जिवंत आहेत. मला तर हे वाचून घामच फुटला, कारण हे तांदूळ निवडता निवडता आजीने मला सांगितलं होतं आणि मी तिचं व्याकरण सुधारायला निघाले होते.

म्हणजे सनातन देव म्हटलं की आपण काय समजतो, खूप म्हणजे खूप म्हातारा देव, त्याची घड्याळाची टिकटिक आपल्यासारखीच पण कधी न संपणारी. मग साहजिक वाटतं की एवढ्या लांबड्या काळात आपली सत्तर-ऐंशी वर्षं कुठल्या कोपऱ्यात पडणार. पण आमच्या पाळकसाहेबांनी एकदा बायबल स्टडीत ऑगस्टीनबद्दल सांगितलं होतं, उत्तर आफ्रिकेतला बिशप, 430 मध्ये वारला, त्याचं म्हणणं की काळ हीच मुळात देवाने केलेली गोष्ट आहे, जग झालं तेव्हाच काळ झाला, त्यामुळे जगाच्या आधी देव काय करत होता हे विचारण्यात अर्थच नाही, तिथे "आधी" नाहीच. तो काळाच्या आत अडकलेला नाही. मला तेव्हा हे फार पुस्तकी वाटलं होतं. आता असं समजते की आपल्याकडे 1938 साल गेलं, त्याच्याकडनं गेलेलं नाही. ते अकरा दिवस त्याच्यापुढे आत्ता आहेत. म्हणून तो अनंत आहे यात मला परकेपणा वाटत नाही, उलट तो थोडा जरी काळाच्या हातात असता तर त्याच्या हातूनही ती पोर सुटली असती.

दुसरं लोक म्हणतात, न बदलणारा देव म्हणजे दगडच की मग, त्याला काय दुःख कळणार. मलाखीच्या पुस्तकात देव म्हणतो, मी बदलत नाही, म्हणूनच याकोबाच्या लेकरांनो तुमचा नाश झाला नाही. त्याचं न बदलणं म्हणजे त्याच्या दयेचं न बदलणं, माणसं शब्द मोडत राहिली आणि तो मोडेना. आणि मी ख्रिस्ती आहे ते ह्यासाठी की तो लांबून बघत बसला नाही. ज्या येशूने सांगितलं अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे, तोच आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजाराच्या थडग्यापाशी रडला. काही क्षणांत त्याला उठवणार होता, माहीत होतं, तरी रडला. ह्यावर मला अजून पुरतं बोलता येत नाही.

पूर का आला, माझंच का, ह्याचं उत्तर मला मिळालंय असं समजू नका. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा मी परत देवाशी भांडले. पण आता भांडताना समोर कोण आहे ते माहिती असतं. दफनविधीत नव्वदावं स्तोत्र वाचतात, मोशेची प्रार्थना, पर्वत झाले त्याच्या आधीपासून तूच देव आहेस, आणि त्याची सुरुवातच अशी की पिढ्यानपिढ्या तूच आमचं राहायचं घर आहेस. पुरात घर गेलेल्या बाईला हे वाक्य कसं लागतं ते घर गेल्याशिवाय नाही कळत.

गेल्या नाताळात नवीन बायबल आणलं. रजिस्टरवरनं, आत्याला फोन करकरून नावं उतरवली, तीन संध्याकाळ लागल्या. काकू चहा घेऊन आल्या होत्या, बाजूला बसून बघत होत्या. 1938 पाशी आले आणि लिहिलं, "मुलगी. 11 दिवस." काकूंनी विचारलं, "नाव काय वो तिचं?" मी म्हटलं मला माहीत नाही, देवाला माहीत आहे. त्या थोडा वेळ पानाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "माझा पण एक हाय. दोन वर्साचा." तीस वर्षं शेजारी राहतोय, मला हे माहीतच नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि त्याचं नाव विचारलं.